तांबं पचवणारं शेवाळ: चान्यारलचा हिरवा किनारा

प्रयोगवही

शेततळ्यांच्या धाग्यावर मोरचुदाची (म्हणजे तांब्याच्या सल्फेटची) चर्चा लांबली, म्हणून हे इथे वेगळं लिहितोय. तिथे सगळ्यांचं एकमत दिसलं की तांबं शेवाळाला मारतं. शेततळ्यापुरतं ते खरं आहे. समुद्रात पन्नास वर्षं तांबं ओतल्यावर काय होतं हे बघायचं, तर चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, अटाकामा वाळवंटाच्या कडेला असलेल्या चान्यारल गावाकडे वळावं लागतं.

चान्यारलच्या मागे डोंगरात तांब्याच्या खाणी आहेत. आधी पोत्रेरियोस, मग १९५९ पासून एल साल्वादोर. खनिज दळायचं, तांबं काढून घ्यायचं, आणि उरलेला बारीक गाळ पाण्यात मिसळून सोडून द्यायचा. हा गाळ १९३८ पासून सालादो नदीच्या पात्रातून थेट चान्यारलच्या उपसागरात जात होता. नदी नावालाच, पात्र एरवी कोरडं. गाळ साचून साचून समुद्र जवळजवळ एक किलोमीटर मागे हटला, बंदर निकामी झालं. तेव्हा गाळ थांबवायचं कुणाला सुचलं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाट वळवून तो उत्तरेला कालेता पालितो नावाच्या खडकाळ किनाऱ्यावर नेऊन सोडला. म्हणजे आधी वाळूचा किनारा घालवला, मग खडकाचा. अखेर गावकरी कोर्टात गेले, १९८८ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९० पासून हा गाळ समुद्रात सोडणं बंद झालं. तोवर वीस कोटी टनांहून जास्त गाळ गेला होता. मधल्या काळात खाण अमेरिकन अ‍ॅनाकोंडा कंपनीकडून १९७१ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आली, पुढे सरकारी कोडेल्को कंपनी झाली. मालक बदलला, पाट तोच राहिला.

आता शेवाळाकडे येतो.

त्या भागात लाटा जोरात आपटणाऱ्या खडकांवर लेसोनिया नावाचं तपकिरी शेवाळ वाढतं. केल्पच्या (मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळांच्या) जातीचं, चामड्यासारखे लांब चिवट पट्टे आणि खडकाला घट्ट धरणारा बुंधा. त्या बुंध्यांच्या खाचाखोचांत शिंपले, खेकड्यांची पिल्लं, किडे, लाल शेवाळांच्या बारीक जाती असं सगळं बिऱ्हाड असतं. हुआन कार्लोस कास्तिया या चिलीच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात या किनाऱ्याचं काम सुरू केलं, १९७८ मध्ये पहिला निबंध आला. गाळाच्या टापूत लेसोनिया नव्हतं. शेवाळ खरवडून खाणारे प्राणी जवळपास नव्हते. आणि तरीही खडक उघडे नव्हते! त्यांच्यावर एन्टेरोमॉर्फा कॉम्प्रेसा हे हिरवं, पातळ, नळीसारखं शेवाळ पसरलं होतं. (हल्ली त्याला अल्वा कॉम्प्रेसा म्हणतात, पुढे तेच नाव वापरतो.) जोडीला एक-दोन तपकिरी जाती. बास.

लांबून फोटो काढला तर किनारा हिरवा आणि ताजातवाना दिसेल. माझा मुद्दा एवढाच आहे: जड धातूंचं प्रदूषण मोजताना "शेवाळ आहे की नाही" हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणतं आहे आणि कोणतं गेलं, हे विचारायला हवं.

लेसोनिया का गेलं? केल्पचं जीवनचक्र दोन पिढ्यांचं असतं. आपल्याला दिसतं ते मोठं झाड बीजाणू सोडतं. त्यांतून डोळ्यांना न दिसणारी नर आणि मादी रोपं होतात, त्यांच्या मीलनातून पुन्हा मोठं झाड. या सूक्ष्म टप्प्याला ना जाड भित्तिका, ना साठवण. चिलीत हुआन कोर्रेआ यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखवलं की लेसोनियाचे हे सुरुवातीचे टप्पे तांब्यापुढे फार लवकर मान टाकतात. मोठं झाड कदाचित काही काळ तगेल, पण त्याच्या जागी दुसरं येणार नाही. ओसाड होत चाललेल्या गावात म्हातारी माणसं दिसतात म्हणून गाव नांदतंय असं म्हणता येत नाही, तसं.

तांबं नेमकं करतं काय? खरं तर शेवाळाला ते थोडं लागतंच. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टोसायनिन या प्रथिनात तांबं असतं, श्वसनाच्या एका विकरातही असतं. प्रमाण वाढलं की तेच तांबं पेशीत मोकाट फिरून अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार करतं. त्याने पटलांमधल्या मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण होतं, प्रथिनांतल्या गंधकाच्या जागा अडतात, हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा तांबं घेऊ शकतं, आणि प्रकाशसंश्लेषणाची दुसरी प्रणाली ढेपाळते.

अल्वा कॉम्प्रेसा हे सहन करतं ते फुकटात नाही. चान्यारलच्या आसपासच्या अल्वामध्ये तांब्याचा साठा जास्त सापडला, आणि त्याबरोबर अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज या विकराचं कामही वाढलेलं दिसलं. शिवाय ग्लुटाथिओन आणि त्यापासून बनणारी फायटोकेलॅटिन नावाची छोटी साखळी-प्रथिनं, जी धातूला गंधकाच्या हातांनी पकडून ठेवतात. त्या पेशी सतत डागडुजीवर आहेत.

पारा, शिसं, कॅडमियम यांबद्दलही इथे लिहा. माझा अभ्यास तांब्यापुरता आहे.

चिंबोरी

मस्त लेख. ह्यां हिरवां आमच्याकडे पण आसा! मालवणात ओहोटीला कातळावर जे हिरवं बुळबुळीत असतं, ज्यावरून पाय घसरतो, तेच का हे? म्हणजे आमच्या कातळावरपण तांबं आहे असं समजायचं का? :)

प्रयोगवही

@चिंबोरी, त्याच कुळातलं, अल्वाच. पण घाबरू नका. अल्वा नुसतं असणं ही तक्रार नाही. ते चपळ आहे, नवी रिकामी जागा दिसली की पहिलं हजर. सांडपाण्यातला नत्र वाढला तरी फोफावतं, गोडं पाणी मिसळतं तिथेही जगतं. तुमच्याकडे त्याच कातळावर सरगॅसमचे तपकिरी झुबके, लाल शेवाळ, कालवं, खरवडणाऱ्या गोगलगायी असं सगळं असेल तर अल्वा त्या बिऱ्हाडातलं एक. चान्यारलला ते एकटंच उरलं, हा फरक.

गाळमोजणी

लेख आवडला पण एक शंका. मी बंदरांच्या ड्रेजिंगच्या, म्हणजे तळाचा गाळ उपसायच्या कामात आहे. एवढा बारीक गाळ रोज खडकावर आपटत असेल तर तांबं नसतं तरी केल्प गेलंच असतं. पाणी गढूळ, ऊन खाली पोचत नाही, बीजाणू बसायला स्वच्छ खडक नाही, वर वाळूचा मारा. सगळा दोष तांब्यावर टाकणं मला घाईचं वाटतं. साधी माती एवढी ओतली असती तरी हेच झालं असतं.

प्रयोगवही

@गाळमोजणी, आक्षेप रास्त आहे. ओतणं चालू असताना दोन्ही कारणं गुंतलेली होती, आणि त्या काळातल्या नोंदींवरून ती वेगळी काढता येत नाहीत.

पण १९९० नंतरचा काळ बघा. ओतणं थांबलं, खडकांवरचा मारा संपला. तरी दशकभराहून जास्त काळ लोटल्यावरही बाधित खडकांवर लेसोनिया परतलं नव्हतं, आणि पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा वर मिळत होतं. खुल्या समुद्रात ते सहसा अर्ध्या मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं. जुना गाळ किनाऱ्यावरच पडून आहे, त्यातून तांबं झिरपत राहतं. गाळाच्या माऱ्याने झाड मारलं असेल, पुन्हा न उगवण्याचं खापर मी तांब्यावर फोडेन.

आणि तिसरं कारण राहिलं. अल्वा इतकं माजलं ते केवळ तांबं सहन करतं म्हणून नव्हे, त्याला खाणारे प्राणी तिथे नव्हते म्हणूनही. या प्राण्यांच्या अळ्या तांब्याला फार नाजूक असतात. तेव्हा तांब्याने एका हाताने स्पर्धक काढला, दुसऱ्या हाताने भक्षक.

गाळमोजणी

हे पटलं. "थांबवल्यावर काय झालं" हा खरा प्रयोग. ड्रेजिंगमध्येही आम्ही काम चालू असतानाचे नमुने घेतो आणि काम संपलं की फाइल बंद.

मीठभाकर

रसायनवाला असल्यामुळे राहवत नाही. प्रयोगवही यांनी "लिटरला दहा मायक्रोग्रॅम" लिहिलं. हा आकडा एकटा फार काही सांगत नाही.

मोरचुदाचंच घ्या. एकाच मापाचं मोरचूद एका तळ्यात शेवाळ साफ करतं आणि शेजारच्या तळ्यात काही होत नाही, हा अनुभव बऱ्याच शेतकऱ्यांना आहे. मग दुकानदाराला शिव्या बसतात. बहुतेक वेळा कारण पाण्यात असतं. पाणी क्षारयुक्त, कार्बोनेट जास्त, तर तांबं त्यांच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. पाण्यात कुजलेला पाला जास्त, तर सेंद्रिय आम्लं त्याला धरून ठेवतात. शेवाळाला मारतो तो मोकळा तांब्याचा आयन, बाटलीवरचं वजन नव्हे. (पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना घालतात तोही याचसाठी. नुसतं मोरचूद पानं जाळेल.)

समुद्रासाठी हे नीट दाखवलं विल्यम संडा आणि रॉबर्ट गिलार्ड यांनी १९७६ मध्ये. त्यांनी सूक्ष्म शेवाळं वाढवली, पाण्यात तांब्याला धरून ठेवणारं संयुग कमीजास्त केलं. एकूण तांबं तेच ठेवूनही वाढ वेगवेगळी झाली, आणि ती जुळली मोकळ्या आयनाच्या प्रमाणाशी. त्यानंतर "एकूण धातू" मोजून निष्कर्ष काढणारे अहवाल मी जरा संशयानेच वाचतो.

गंमत पुढे आहे. सिनेकोकॉकस नावाचे नील-हरित सूक्ष्मजीव समुद्रात अब्जावधींनी असतात, आणि तांब्याला सगळ्यात नाजूक गटांत ते मोडतात. ते स्वतःच तांब्याला पकडणारी संयुगं पाण्यात सोडतात! म्हणजे शेवाळ नुसतं पाण्याचा मार खात नाही, पाण्याचं रसायन बदलतंही.

आंतोफागास्ताकर

वाचनमात्र होतो, चान्यारलचं नाव बघून लॉगिन केलं. मी कामानिमित्त उत्तर चिलीत राहतो. मुख्य महामार्ग चान्यारलमधूनच जातो. समुद्रकिनारा म्हणून जे दिसतं तो सगळा खाणीचा गाळ आहे हे माहीत नसेल तर कळत नाही. फिकट, सपाट, प्रचंड रुंद पुळण. जवळ गेलं तर काही ठिकाणी वर हिरवट-निळसर क्षारांचं कवच धरलेलं दिसतं. ते तांब्याचे क्षार. वाळवंटातलं ऊन गाळातलं पाणी वर ओढतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. दुपारी वारा सुटला की ही धूळ गावात. लोकांची तक्रार समुद्रापेक्षा या धुळीबद्दल जास्त असते.

एक किस्सा इथे सगळ्यांना माहीत असतो. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस चान्यारलला आले आणि किनारा आता स्वच्छ आहे हे दाखवायला समुद्रात उतरून पोहले. इथले लोक अजून हसतात. पोहून तांबं कसं कळणार!

मार्च २०१५ मध्ये अटाकामात मोठा पाऊस झाला, सालादोला पूर आला आणि चिखल गाव चिरत समुद्रात गेला. एरवी कोरड्या पात्रात माणसं वर्षानुवर्षं निर्धास्त राहिली होती. त्या पुरात माणसंही गेली.

प्रयोगवही

@आंतोफागास्ताकर, आभार. त्या क्षारांच्या कवचाबद्दल फक्त वाचलं होतं. गाळात गंधकयुक्त खनिजं असतात, हवेशी संपर्क आला की त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होतं आणि तांबं सुटं होतं. म्हणजे ओतणं थांबलं तरी कारखाना चालूच.

तळरंग

मर्चंट नेव्हीत इंजिनीअर आहे, ड्राय डॉकमध्ये जहाजाचा तळ बघणं हा नोकरीचाच भाग. शेवाळ आणि तांबं यांची आमची लढाई जुनी आहे. लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचे पत्रे ठोकायची सुरुवात ब्रिटिश नौदलाने अलार्म नावाच्या जहाजावर १७६१ मध्ये केली. (हो, पानिपतचंच वर्ष.) आज पत्र्याऐवजी रंगात क्युप्रस ऑक्साइड असतं. रंगातून तांबं सावकाश झिरपतं, तळावर काही बसत नाही. मध्यंतरी ट्रायब्युटिल टिन आलं होतं, फारच प्रभावी. पण त्याने बंदरातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार ते बंद झालं. मग पुन्हा तांबं.

आता मजा. तळ साफ करताना कालवं-शिंपले कमी दिसतात, पण पाण्याच्या रेषेजवळ तपकिरी-हिरवी लव हटकून असते. आमच्या चीफला विचारलं तर म्हणाला, "त्याला रंग आवडतो." नंतर वाचलं की १९७० मध्येच ब्रिटनमध्ये रसेल आणि मॉरिस यांनी जहाजाच्या तळावरचं एक्टोकार्पस नावाचं तपकिरी धाग्यासारखं शेवाळ आणि स्वच्छ किनाऱ्यावरचं तेच शेवाळ शेजारी वाढवून पाहिलं. जहाजावरचं अशा तांब्यात वाढलं जिथे किनाऱ्यावरचं वाढू शकलं नाही. आपणच रंग लावून निवड केली. म्हणून आता रंगात तांब्याच्या जोडीला शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडणारी तणनाशकासारखी रसायनं घालतात. त्यांचा त्रास वेगळा.

प्रयोगवही

@तळरंग, एक्टोकार्पसवर पुढे बरंच झालं. २०१० मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तपकिरी शेवाळांत पहिला. आणि तांब्याच्या अभ्यासात तुलनेला जो काटक वाण वापरतात तो कुठला सांगा? चान्यारलचा.

आंबोळी

गोव्याहून. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेजवळ राहते, तिथली नाही. :) सगळे धातूला शिव्या घालताहेत म्हणून दुसरी बाजू.

दक्षिण महासागरात शेवाळाची उपासमार लोहाच्या अभावाने होते. २००९ मध्ये भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स प्रयोगात याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पोलारस्टर्न जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळलं. शेवाळ वाढलं, पण फार नाही. तिथे सिलिका कमी असल्याने डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं) वाढू शकले नाहीत आणि बाकीचं शेवाळ प्राणिप्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी) खाऊन टाकलं. हवेतला कार्बन समुद्रतळाशी नेऊन गाडायची आशा फोल ठरली.

त्याहून मला आवडलेली गोष्ट कॅडमियमची. आपल्यासाठी ते निव्वळ विष. पण थॅलॅसिओसिरा या डायटमला जस्त मिळेनासं झालं की तो कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या विकरात जस्ताऐवजी कॅडमियम वापरतो. प्रिन्स्टनच्या फ्रान्स्वा मोरेल यांच्या गटाने २००० मध्ये हे विकर वेगळं काढून दाखवलं. खुल्या समुद्रात कॅडमियमचं प्रमाण फॉस्फेटसारखं वर कमी, खाली जास्त असं का असतं, हे कोडं आधीपासून होतं. शेवाळ ते वर शोषून घेतं आणि मेल्यावर खाली नेतं.

मीठभाकर

@आंबोळी, छान भर. म्हणूनच "जड धातू" हा शब्द मला ढोबळ वाटतो. लोह, जस्त, तांबं लागतं. कॅडमियम अडल्यावेळी चालतं. पारा आणि शिसं यांचा मात्र जीवसृष्टीत कुठे उपयोग ऐकिवात नाही.

खाडीकाठ

ठाण्याच्या खाडीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. ऐरोली, भांडुप, शिवडी इथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. त्यातला लहान रोहित मुख्यतः नील-हरित शेवाळ आणि डायटम गाळून खातो. आणि खाडीच्या एका बाजूला ठाणे-बेलापूरचा रासायनिक पट्टा, दुसऱ्या बाजूला मुंबई. चिखलात धातू आहेत हे अनेक अभ्यासांत आलंय. मग शेवाळ भरपूर, पक्षी भरपूर, हे चांगलं की वाईट? प्रयोगवहींच्या मुद्द्यानुसार हिरवं दिसतंय म्हणून खूश होऊ नये, बरोबर?

प्रयोगवही

@खाडीकाठ, बरोबर, पण चान्यारलचं गणित इथे जसंच्या तसं बसवू नका. तिथे उघडा खडक आणि आपटणाऱ्या लाटा, इथे प्राणवायू नसलेला काळा चिखल. त्या चिखलात जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात (खाडीचा तो ओळखीचा वास), आणि तांबं, शिसं, कॅडमियम, पारा या सल्फाइडशी घट्ट बांधले जातात. चिखल न ढवळता पडून राहिला तर बरंचसं विष कुलपात असतं. म्हणून चिखलातला एकूण धातू बघून शेवाळात किती गेला हे सांगता येत नाही. मीठभाकर यांचाच मुद्दा. भराव, खोदकाम, पुलाचे खांब यांनी चिखल वर आला की प्राणवायू लागतो आणि कुलूप उघडतं. @गाळमोजणी, हे तुमचं खातं.

आणि शेवाळ भरपूर आहे त्याचं मोठं कारण सांडपाण्यातला नत्र-फॉस्फरस. ते शेवाळ धातूंमुळे नव्हे, धातू असूनही वाढतंय. पक्ष्यांची संख्या ही खाण्याची मोजणी आहे. खाण्यात काय आहे ती मोजणी वेगळी करावी लागेल.

पाऱ्याचा प्रश्न सगळ्यात वेगळा. तो शेवाळाला मारत नाही त्या प्रमाणातही धोक्याचा असतो, कारण मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय रूप) पाण्यातून सूक्ष्म शेवाळात शिरताना हजारो-लाखो पटींनी एकवटतो. अन्नसाखळीतली सगळ्यात मोठी उडी हीच, पुढे लहान माशातून मोठ्या माशात होणारी वाढ त्यामानाने किरकोळ. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये पाऱ्याने माणसं आजारी पडल्याचं उघडकीला आलं. शेवाळाचं तिथे काही बिघडलेलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाळमोजणी

ढवळण्याबद्दल: ड्रेजिंग करताना गाळरोधी पडदे लावायची पद्धत आहे. त्यांनी गाळ अडतो. विरघळलेलं काही अडत नाही. आणि भरतीच्या जोरात पडदेही किती टिकतात ते विचारू नका.

सुके_बोंबील

सगळं वाचलं, डोक्यावरून थोडं गेलं. मला एवढंच सांगा, पुण्यात हल्ली सुशीचं खूळ आहे, घरात नोरीची पाकिटं येतात. चायना ग्रासची खीर तर लहानपणापासून. खायचं का नाही?

आंबोळी

@सुके_बोंबील, चायना ग्रास म्हणजे अगार, लाल शेवाळातून उकळून, गाळून, गोठवून काढलेलं. खिरीत चिमूटभर जातं. बिनधास्त खा.

नोरीही लाल शेवाळच. अधूनमधून खायला हरकत नाही. टाळायचं असेल तर हिजिकी हे काळं तारेसारखं जपानी शेवाळ. बहुतेक समुद्री शेवाळांत आर्सेनिक (काटेकोर पाहिलं तर हा धातू नव्हे) साखरेला जोडलेल्या, तुलनेने कमी घातक रूपात असतं. हिजिकीत मात्र असेंद्रिय रूप भरपूर असतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला होता. जपानी लोक भिजवून, उकळून पाणी फेकून देतात, त्याने बरंच कमी होतं.

मीठभाकर

भर घालतो: शेवाळात आर्सेनिक शिरतं कारण आर्सेनेट हा फॉस्फेटचा तोतया आहे. पेशीचं फॉस्फेटचं दार त्याला ओळखत नाही.

चिंबोरी

माझा खरा प्रश्न आता विचारते. आमच्या बचत गटाला समुद्री शेवाळाची शेती करा म्हणून सांगताहेत, बांबूचे तराफे बांधून कप्पाफायकस हे लाल शेवाळ लावायचं. मत्स्यसंपदा योजनेतून मदत मिळते म्हणे. वरचं सगळं वाचून धास्ती वाटते. जागा कशी बघायची? आम्हाला दोन जागा सुचवल्यात, एक खाडीच्या तोंडाशी जेटीजवळ, एक बाहेर मोकळ्या पाण्यात.

तळरंग

जेटीजवळची नको. जिथे होड्या ओढून तळ खरवडतात आणि रंगवतात तिथे रंगाचे पापुद्रे तळाशी पडलेले असतात. एकेक पापुद्रा म्हणजे तांब्याची पुडी.

प्रयोगवही

@चिंबोरी, तळरंग म्हणतात ते खरं. शिवाय खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात गोडं पाणी येतं, ते कप्पाफायकसला तसंही सोसत नाही. बाहेरच्या जागेत लाटांचा त्रास होईल, तराफे मजबूत बांधावे लागतील.

तपासणीचं म्हणाल तर पाण्याचा एक नमुना देऊन फार काही हाती लागत नाही. भरतीचं पाणी वेगळं, ओहोटीचं वेगळं. त्यापेक्षा त्या जागेच्या आसपास कातळावर आधीच वाढलेलं तपकिरी शेवाळ तपासायला द्या. तपकिरी शेवाळाच्या भित्तिकेत अल्जिनेट असतं, ते धातू धरून ठेवतं, त्यामुळे कित्येक आठवड्यांचा हिशोब त्यात जमा असतो. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींखालच्या खाड्यांत १९७३ पासून फ्युकस या तपकिरी शेवाळावर हेच करताहेत. तुमच्याकडे सरगॅसम मिळेल. दोन्ही जागांचं एकाच दिवशी, एकाच उंचीवरचं घ्या. जुन्या भागात धातू जास्त साचतो, कोवळ्या शेंड्यात कमी, म्हणून दोन्हीकडून सारखाच भाग तोडा. समुद्राच्याच पाण्यात खळखळून चिखल काढा, नाहीतर प्रयोगशाळा चिखलच मोजेल. लोखंडी कोयत्याने कापू नका, हाताने तोडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत द्या. तांबं, शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक एवढं सांगा, पाऱ्याची तपासणी वेगळी लागते.

चिंबोरी

सरगॅसम जेटीच्या बाजूला नाहीच आहे. नुसतं हिरवं आहे.

प्रयोगवही

खाडीच्या गोड्या पाण्यामुळेही नसेल. पण मग तुलनेला दोन्हीकडचं अल्वा घ्या, ते दोन्ही जागी मिळेल. आकडे आले की इथे टाका.